गारठ्यात डिझेल इंजिन: जाळ नको, दाब सांभाळा

डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचे वारे सुरू झाले की पहूर, शेंदुर्णी, जामनेर या पट्ट्यात पारा बघता बघता उतरतो. जळगावचं जानेवारीतलं किमान तापमान एरवी ११-१२ अंशांच्या आसपास असतं. थंडीची लाट आली की ते सहा-सातवर येतं, कधी त्याखालीही जातं. गार हवा जड असते, ती रात्रभर उताराने खाली सरकते आणि सखल जागी साचते. म्हणून वाघूरच्या काठचं किंवा नाल्यालगतचं शेत गावठाणापेक्षा आणखी गार असतं, आणि विहिरी व इंजिनं बहुधा तिथेच असतात. नेमकं अशाच रात्री पाणी द्यावं लागतं. थंडीच्या लाटेत केळीला रात्री पाणी द्या आणि बांधावर धूर करा, असा सल्ला कृषी विभाग दरवर्षी देतो. तो रास्त आहे, कारण विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा बरंच उबदार असतं. गव्हाची पाळीही थांबून चालत नाही. शेतीपंपाची वीज मात्र वेळापत्रकानेच येते, आणि त्या वेळेतही टिकेल याची खात्री नसते. मग भिस्त राहते डिझेल इंजिनावर किंवा ट्रॅक्टरवर. ते पहाटे हाकेला ओ देत नाही, सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते, हँडल मारून दंड भरून येतात, आणि शेवटी कोणीतरी पऱ्हाट्या गोळा करून ऑइलच्या चेंबरखाली जाळ करतं. तो जाळ खानदेशच्या थंडीत जवळजवळ कधीच लागत नाही, तो धोक्याचा आहे आणि खरं दुखणं झाकून ठेवतो, हे इथे कारणांसह मांडायचं आहे. इंजिनाला जी उष्णता हवी असते ती ते स्वतःच तयार करतं. ती गळू न देणं एवढंच आपलं काम.

डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, त्या तापलेल्या हवेत नोजलमधून डिझेलचा फवारा पडतो आणि पेट घेतो. डिझेलला आपोआप पेटायला साधारण २१० ते २५० अंश तापमान लागतं, आणि पेटायला क्षणाचा काही भाग उसंतही लागते. शेतात वर्षानुवर्षं दिसणारं किर्लोस्करचं एव्ही-१ हे पाच अश्वशक्तीचं इंजिन घ्या. त्यात हवा साडेसोळा पट दाबली जाते. सिलिंडर चांगला बंद असेल आणि फेरी जोरात बसली असेल, तर ३० अंशांची हवा दाबाच्या शेवटी हिशेबाने सव्वापाचशे-साडेपाचशे अंशांपर्यंत तापते. तीच हवा ६ अंशांची असेल तर सुमारे ४७० अंशांपर्यंत. म्हणजे कडाक्याच्या थंडीमुळे साठ-पासष्ट अंशांचा तोटा झाला. तरीही पेटायला लागणाऱ्या उष्णतेच्या जवळजवळ दुप्पट उष्णता शिल्लक आहे. आता हीच ६ अंशांची हवा हळू फेरीत दाबा. हळू फिरलं की हवेला सिलिंडरच्या गार भिंतींना उष्णता द्यायला वेळ मिळतो, आणि रिंगा झिजलेल्या असतील किंवा वॉल्व्ह नीट बसत नसेल तर ती फटीतून निसटतेही. मग हिशेब २९० अंशांच्या आसपास येतो, आणि गळती जास्त असेल तर सव्वादोनशेच्याही खाली. थंडीने साठ अंश नेले. मंद फेरीने आणि गळक्या दाबाने पावणेदोनशे ते अडीचशे नेले. जे इंजिन गेल्या हिवाळ्यात पहिल्या सेल्फला सुरू होत होतं आणि यंदा तितक्याच थंडीत हटून बसतं, त्याचं उत्तर याच आकड्यांत आहे. थंडी तीच आहे. बॅटरी, ऑइल, रिंगा किंवा नोजल यांपैकी काहीतरी बदललं आहे.

इंजिन बाहेरून तापवणं ही कल्पना मुळात चुकीची नाही, पण ती कुठल्या थंडीसाठी निघाली ते पाहायला हवं. अलास्का आणि उत्तर कॅनडात १९२०-३० च्या दशकांत छोटी विमानं बर्फावर उतरवणारे वैमानिक संध्याकाळी इंजिन थांबताच गरम ऑइल डब्यात काढून घ्यायचे, ते रात्री निवाऱ्यात ठेवायचे आणि सकाळी शेगडीवर तापवून परत ओतायचे. इंजिनावर जाड कापडाचा घोळदार बुरखा घालून त्याखाली स्टोव्ह पेटवायचे. वीज नव्हती आणि पारा शून्याखाली तीस-चाळीस अंश असायचा. त्या स्टोव्हपाशी कोणीतरी डोळ्यांत तेल घालून बसावं लागे, कारण बुरखा पेटून विमानच जळण्याची भीती कायम असे. आजही लायकमिंग ही छोट्या विमानांची इंजिनं बनवणारी कंपनी आपल्या बहुतेक इंजिनांना उणे १२ अंशांखाली आणि काही थोड्या इंजिनांना उणे ७ च्या आसपासपासून आधी तापवायला सांगते. कारणही सांगण्यासारखं आहे: विमानाच्या इंजिनाचा सांगाडा ॲल्युमिनियमचा आणि शाफ्ट पोलादाचा असतो, कडक थंडीत ॲल्युमिनियम जास्त आकसतं आणि बेअरिंगमधली फट इतकी कमी होते की ऑइलला जागा उरत नाही. आपल्याकडे धुळ्याला आणि शिरपूरजवळच्या धावपट्टीवर शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं उडतात. तिथला सर्वांत गार दिवसही या मर्यादेच्या बराच वर असतो. शेतातल्या इंजिनाचा ब्लॉक तर बिडाचा असतो. बीड आणि पोलाद जवळजवळ सारखंच आकसतं, त्यामुळे बेअरिंग आवळण्याचा हा प्रश्न आपल्या थंडीत येतच नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो: हिमाचल-लडाखकडे जाऊन आलेले ट्रकवाले टाकीखाली जाळ करतात, मग आपण का नको? तिथे गोठतं ते डिझेल. डिझेलमध्ये मेणाचा अंश असतो. थंडीत त्याचे कण तयार होतात, फिल्टर तुंबतो आणि पुढे डिझेल वाहणंच थांबतं. म्हणूनच इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं हिवाळी डिझेल आणलं. आपल्या पंपांवरच्या डिझेललाही भारतीय मानकाने दोन मर्यादा घातल्या आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या डिझेलने ६ अंशांपर्यंत फिल्टर तुंबवू नये आणि ३ अंशांपर्यंत वाहतं राहावं; बाकीच्या महिन्यांतल्या डिझेलला मात्र अनुक्रमे १८ आणि १५ अंशांपर्यंतची सूट आहे. ही हमीची मर्यादा आहे, प्रत्यक्ष डिझेल बहुतेक वेळा त्याहून बरं असतं. पण यातून एक व्यवहारी गोष्ट निघते, आणि ती खेड्यात फारशी कोणी सांगत नाही: पोळ्याच्या सुमारास भरून ठेवलेलं कॅनमधलं किंवा ड्रममधलं डिझेल जानेवारीच्या पहाटे वापरू नका. ते थंडीआधीच संपवा आणि दिवाळीनंतर ताजं भरा. जुनं उरलंच असेल तर ताज्यात मिसळून दुपारच्या कामाला वापरा. आणि टाकीखाली जाळ तर मुळीच नको. डिझेलची वाफ पेट घेऊ शकेल अशी किमान मर्यादा मानकात फक्त ३५ अंश आहे. जाळावरची टाकी तिथे पोहोचायला कितीसा वेळ?

पहाटे इंजिन सुरू होत नाही तेव्हा हात आवरून आधी सायलेन्सरकडे बघावं. सेल्फ किंवा हँडल मारताना पांढरा धूर येतोय का? येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतंय, फक्त पेटत नाही. तो धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ. अशा वेळी प्रश्न उष्णतेचा, म्हणजे फेरीच्या वेगाचा आणि दाबाचा आहे. धूरच येत नसेल तर डिझेल पोहोचत नाही: हवा धरली आहे, फिल्टर तुंबला आहे, किंवा कॉक बंद राहिला आहे. या दुसऱ्या रोगावर कितीही शेक दिला तरी उपयोग शून्य, आणि पऱ्हाट्यांचे बहुतेक जाळ याच रोगावर वाया जातात. तिसरी खूण अशी: इंजिन सुरू होतं, मिनिटभर चालतं आणि गुदमरून बंद पडतं, थोडं थांबून पुन्हा मारलं की पुन्हा तसंच. ही फिल्टर तुंबल्याची खूण आहे, मग ते मेणाने असो वा पाण्याने. डिझेलच्या टाकीत रात्रीच्या गारठ्यात हवेतल्या दमटपणाचं पाणी होतं आणि तळाशी साचतं. म्हणून हिवाळ्यात काम संपल्यावर टाकी भरून ठेवावी, रिकामी ठेवू नये, आणि आठवड्यातून एकदा फिल्टरच्या तळाचा बोल्ट सैल करून पाणी काढून टाकावं. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि दुपारच्या उन्हात करायचं आहे, पहाटे मोबाइलच्या उजेडात नव्हे.

आता फेरीच्या वेगाकडे येऊ, कारण वरच्या हिशेबात सर्वांत मोठा तोटा तिथेच दिसला. ट्रॅक्टरवर हा वेग बॅटरी देते आणि बॅटरी थंडीने खरोखर दुबळी होते. शिसे-आम्लाची बॅटरी शून्य अंशाच्या आसपास आपली सुमारे पाचवा हिस्सा ताकद गमावते, आणि त्याच वेळी घट्ट झालेलं ऑइल फिरवायला तिला जास्त जोर लागतो. भरलेली, धडधाकट बॅटरी हा तोटा सहज सोसते. अर्धी उतरलेली सोसत नाही. रात्रभर थांबलेल्या बॅटरीवर मीटर लावला आणि १२.६ व्होल्टच्या वर दाखवलं तर ती भरलेली समजा, १२.४ च्या खाली असेल तर थंडी येण्याआधीच चार्ज करून घ्या. त्याआधी टर्मिनल बघा. त्यावर पांढरी-हिरवट बुरशी चढली असेल तर बॅटरी नवी असूनही सेल्फपर्यंत पुरता करंट जात नाही. आधी अर्थची वायर सोडा, मग दुसरी. गरम पाण्यात खायचा सोडा टाकून टर्मिनल धुवा, कोरडी करून घासा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. चेसिसला जिथे अर्थची वायर जोडलेली असते तो बोल्टही उघडून घासा; गंज तिथेच लपलेला असतो आणि तिथे कोणी बघत नाही. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि दोन वेळांमध्ये निदान अर्धा मिनिट थांबा. त्या अर्ध्या मिनिटात बॅटरी थोडी सावरते. सलग मारत राहिलं की बॅटरीही जाते आणि सेल्फही तापतो. आणि क्लच दाबूनच सेल्फ मारा. गिअरबॉक्समधलं ९० किंवा १४० नंबरचं ऑइल थंडीत काकवीसारखं होतं. क्लच दाबला नाही तर सेल्फला इंजिनाबरोबर ती काकवीही ढवळावी लागते. पंपाला जोडलेल्या इंजिनालाही हेच लागू: पट्ट्यावर चालणारा पंप असेल तर सुरू करताना पट्टा उतरवून ठेवा, थेट जोडलेला असेल तर डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद ठेवा.

बॅटरी चार्ज करायला वीज कुठून आणायची, हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर आपल्या डोक्यावर आहे. खानदेशात हिवाळ्याचं आभाळ निरभ्र असतं. चाळीस वॉटचं छोटं सौर पॅनेल आणि एक चार्ज कंट्रोलर शेडच्या पत्र्यावर लावलं तर दिवसाला दहा-बारा अँपिअर-तास बॅटरीत जमा होतात. ८८ अँपिअर-तासांची ट्रॅक्टरची बॅटरी यातून एका दिवसात भरणार नाही, पण आठवडाभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची भरलेली बॅटरी उतरूही देणार नाही. कंट्रोलर मात्र टाळू नका. त्याच्याशिवाय पॅनेल थेट जोडलं की बॅटरीतलं पाणी उडत राहतं.

ऑइलचा भाग असा. जुन्या इंजिनांत आजही अनेक जण साधं ४० नंबरचं ऑइल टाकतात, कारण उन्हाळ्यात ते पातळ पडत नाही. पण हेच ऑइल ४० अंशांवर जितकं घट्ट असतं त्याच्या दहापटीहून अधिक ते पाच-सहा अंशांवर होतं, आणि तेवढा अडथळा पार करायचा असतो सेल्फला किंवा तुमच्या दंडाला. डब्यावर १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० लिहिलेलं ऑइल गरम असताना ४० सारखंच वागतं आणि थंडीत बरंच पातळ राहतं. २०डब्ल्यू ची फिरण्याची चाचणी उणे १५ अंशांवर घेतात आणि १५डब्ल्यू ची उणे २० वर. पहूरच्या थंडीला दोन्ही पुरून उरतात. तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत ज्या ग्रेडला परवानगी आहे ती पाहा आणि दसरा-दिवाळीतच ऑइल बदला. ते जुनं, काळं झालेलं आणि काजळीने घट्ट असेल तर डब्यावरचा आकडा आधीच खोटा ठरलेला असतो. हा बदल खर्चाचा वाटेल, पण जाळ करण्यामागचा खरा हेतू ऑइल पातळ करणं हाच असतो, आणि ते काम योग्य ग्रेडचं ऑइल रोज पहाटे न सांगता करतं.

हँडलच्या इंजिनाला सुरू करण्याची एक रीत आहे, आणि ती सोडून घाई केली की दमछाक होते. डिकॉम्प्रेशनची कळ वर करा, म्हणजे वॉल्व्ह उघडा राहील आणि दाब तयार होणार नाही. जादा डिझेलची कळ असेल तर ती लावा. आता दाबाशिवाय सावकाश पंधरा-वीस फेऱ्या फिरवा. यात दोन गोष्टी घडतात. घट्ट झालेलं ऑइल बेअरिंग आणि रिंगांमध्ये पसरतं आणि फेरी हळूहळू हलकी वाटू लागते. आणि नोजलकडे कान दिला तर दर दोन फेऱ्यांना एकदा ‘कर्र’ असा तुटक आवाज येतो. तो आवाज आला म्हणजे पंपापासून नोजलपर्यंत डिझेल भरलं आहे आणि फवारा उडतोय. आवाज नसेल तर पुढे जाऊ नका. हवा काढा, नाहीतर तासभर फिरवूनही इंजिन बोलणार नाही. आवाज चांगला असेल तर मग वेग पूर्ण वाढवा आणि जडचाक जोरात असतानाच कळ खाली सोडा. रिंगा थोड्या झिजलेल्या असतील तर एक जुनी युक्ती अजूनही कामाची आहे: हवेच्या वाटेत स्वच्छ इंजिन ऑइलचे मोजके थेंब सोडून दोन-चार फेऱ्या दाबाशिवाय फिरवायच्या. ते थेंब रिंगांच्या फटी बुजवतात आणि दाब तात्पुरता वाढतो. थेंब म्हणजे थेंबच. चमचे ओतले तर पिस्टनवर द्रव साचतो, द्रव दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीभोवती गुंडाळू नका. इंजिन उलटं फिरलं तर हँडल हातातून सुटून जाईल. अंगठा पलीकडे असेल तर मनगट मोडेल.

एवढं सगळं करूनही उष्णता द्यायची गरज पडलीच, जुन्या झिजलेल्या इंजिनाला पडू शकते, तर ती पाण्यातून द्या. एक लिटर पाणी एक अंशाने निवताना जेवढी उष्णता सोडतं तेवढ्यात नऊ किलो बीड एक अंशाने तापतं. म्हणून पाणी हे इंजिन तापवण्याचं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सौम्य साधन आहे, आणि ते उष्णता तिथेच नेतं जिथे ती हवी: सिलिंडरच्या भोवती. चेंबरखालचा जाळ नेमकं उलटं करतो. तो तळाचं ऑइल करपवतो आणि ज्या भिंती हवेची उष्णता शोषतात त्या वरच्या भिंती गारच ठेवतो. पाण्यावर चालणाऱ्या इंजिनाचं जॅकेट रात्री रिकामं केलेलं असेल तर पहाटे त्यात आधी विहिरीतून ताजं उपसलेलं पाणी ओता. खोल विहिरीचं पाणी जमिनीच्या उबेचं असतं, हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी उबदार. हाताला लागतंच ते. बऱ्याच इंजिनांना एवढी ऊब पुरते. नाही पुरली तर चुलीवर बादलीभर पाणी तापवा. हात घातला तर चटका बसेल इतकं गरम असावं, उकळतं नसावं. गार बिडावर उकळतं पाणी एकदम पडलं तर ब्लॉकला तडा जाऊ शकतो. खालचा कॉक थोडा उघडा ठेवून वरून सावकाश ओतत राहा, म्हणजे गार पाणी निघून जाईल आणि गरम आत राहील. दहा लिटर ७० अंशांचं पाणी पन्नास किलो बिडातून असं फिरलं तर हिशेबाने ब्लॉक चाळीसच्या वर सहज जातो, आणि वाटेत निम्मी ऊब वाया गेली तरी उन्हाळ्यातली सकाळ उजाडते. ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये कूलंट असेल तर मात्र ते काढून टाकू नका. तिथे गरम पाण्यात भिजवलेलं पोतं पिळून इनटेक मॅनिफोल्डभोवती पाच-दहा मिनिटं गुंडाळा. डिझेल पंपावर गरम पाणी ओतू नका; त्यातला प्लंजर इतका नेमका बसवलेला असतो की बाहेरचं आवरण आणि तो असमान तापले तर अडकून बसतो.

जाळाचे पुरस्कर्ते म्हणतील, आमचं इंजिन जाळ केला की सुरू होतं, हा अनुभव खोटा कसा? खोटा नाही. पंधरा मिनिटांचा जाळ ऑइल थोडं पातळ करतोच. पण इंजिनाच्या अंगावर वर्षानुवर्षं साचलेली ऑइल-डिझेल-धुळीची पुटं, रबरी पाइप, वायरींचं आवरण, ऑइल सील, शेजारच्या शेडमधला कापूस किंवा कडब्याची गंजी, हे सगळं त्या जाळाच्या हाताशी असतं. एक पाइप तडकला की डिझेल थेट विस्तवावर. शिवाय दरवर्षी जाळाने सुरू होणारं इंजिन मालकाला सांगतच नाही की त्याच्या रिंगा गेल्या आहेत. ते सांगतं थेट पेरणीच्या घाईत, बंद पडून. एअर क्लीनरच्या तोंडाशी डिझेलचा पेटता बोळा धरण्याची पद्धत तर आणखी वाईट. बोळ्याने हवा तापते हे खरं, पण त्याच हवेतला प्राणवायू तो खातो, आणि राख व ठिणग्या आत ओढल्या जातात. ऑइलच्या एअर क्लीनरमध्ये ऑइल असतं आणि कोरड्यामध्ये कागद, दोन्हीही पेटतात. दुकानात मिळणारा ईथरचा स्प्रे सर्वांत फसवा, कारण तो सर्वांत लवकर गुण दाखवतो. ईथर १६०-१८० अंशांनाच पेटतो, म्हणजे पिस्टन वर पोहोचायच्या आधीच, आणि वर येणाऱ्या पिस्टनवर स्फोट आदळतो. त्याने रिंगा तुटतात, रॉड वाकतात. ज्या ट्रॅक्टरच्या किल्लीला हिटरची खूण आहे त्यात तर स्प्रे मारूच नये. तापलेल्या हिटरवर तो मॅनिफोल्डमध्येच भडकतो. त्या किल्लीवर हिटर पंधरा-वीस सेकंद धरून मग सेल्फ मारणं, एवढीच त्याची रीत. जवळ दुसरा ट्रॅक्टर असेल तर टोचन करून सुरू करणं ईथरपेक्षा शंभर पट बरं, फक्त गिअर वरचा टाका आणि क्लच हळू सोडा.

संध्याकाळी घेतलेली काळजी पहाटेच्या कष्टांपेक्षा स्वस्त पडते. मोकळ्या आभाळाखाली उभं इंजिन रात्री हवेपेक्षाही थोडं जास्त गार होतं, कारण त्याची उष्णता थेट आभाळात जाते. दवही त्यावरच बसतं. वर नुसता पत्रा किंवा छप्पर असलं तरी हा तोटा टळतो. वारा लागल्याने इंजिन हवेपेक्षा गार होत नाही, फक्त लवकर गार होतं. म्हणून रात्री दहाला थांबवलेल्या इंजिनावर सायलेन्सर निवल्यानंतर गोणपाटांचे दोन-तीन थर टाकले आणि ते बाजूंनी खोचले, तर पहाटे तीनच्या पाळीला त्यात बरीच ऊब शिल्लक सापडते. पोतं गरम सायलेन्सरला टेकवायचं नाही, आणि सुरू करण्याआधी सगळं काढायचं. पंख्यात किंवा पट्ट्यात अडकलेलं पोतं जाळाइतकंच नुकसान करतं.

थंडीला घाबरून इंजिन विहिरीच्या आत टप्प्यावर किंवा दारं लावलेल्या पंपघरात चालवणं हा जिवावरचा धोका आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि विहिरीसारख्या बंद जागेत धूर कोंडला की आधी गरगरतं, मग पाय उचलत नाहीत. आत पडलेल्याला काढायला उतरणारा दुसरा माणूसही तसाच जातो. इंजिन विहिरीच्या काठावर, उघड्यावर ठेवा, किंवा सायलेन्सरचा पाइप भिंतीतून बाहेर काढा, आणि इंजिन चालू असताना पंपघराचं दार सताड उघडं ठेवा. विहिरीतलं इंजिन बंद केल्यावरही लगेच खाली उतरू नका. इंजिन सुरू झालं की पहिली दोन-तीन मिनिटं ते बिनभाराचं, मध्यम वेगात चालू द्या आणि ऑइलच्या दाबाचा दिवा विझला का ते पाहा. मग पट्टा चढवा किंवा व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. अर्धा तास नुसतं मंद चालवत ठेवण्यात फायदा नाही. तसं चालणारं इंजिन गारच राहतं, डिझेल नीट जळत नाही आणि नोजलवर काजळी धरते. हलक्या भारावर ते लवकर तापतं. सकाळी पाळी संपली की जॅकेटचा कॉक उघडून पाणी सोडून द्या, टाकी भरा आणि पुढच्या रात्रीसाठी पोती वाळत घाला.